अण्णांची सही

आमच्या घरात बंदूक होती. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग सुती साडीकडे, आणि अदबीनं विचारतो, "वडील शिकार करायचे का हो?" कसली शिकार. ठाण्याला कोपरीत, चाळीतल्या दीड खोलीत आम्ही चौघं राहायचो, तिथे ढेकणांशिवाय मारण्यासारखं काही नव्हतं. अण्णा फौजेतून सुटून आले आणि बँकेच्या दारात उभं राहायची नोकरी त्यांना मिळाली ती या बंदुकीमुळेच. बंदूक स्वतःची आणि लायसनही स्वतःचं असेल असाच माणूस त्यांना हवा होता. शिंप्याच्या घरी मशीन असतं तशी आमच्याकडे ती बारा बोअरची दुनळी होती. संध्याकाळी अण्णा कामावरून आले की टोपी खुंटीला, बूट दाराआड, आणि मग पोत्यावर बसून ते बंदूक मोडायचे. नळी वेगळी, लाकडी दस्ता वेगळा, नळीखालचा छोटा लाकडी तुकडा वेगळा. गजाला फडकं गुंडाळून नळीतून फिरवायचे, तेलाचं बोट लावायचे. पलीकडे स्टोव्ह फरफरत असायचा आणि आई बाजरीची भाकरी थापत असायची. त्यामुळे बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला आजही भूक लागते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पुसून झाली की ते तिन्ही तुकडे कपाटात जायचे आणि किल्ली शेवयांच्या डब्यात. काडतुसं मात्र आईच्या ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूखाली असायची. एवढी काळजी घेणारं घर होतं आमचं.

अण्णा माणदेशातले. दुष्काळी मुलुखातला माणूस, त्यामुळे पाण्यासारखेच शब्दही जपून वापरायचे. अवी, माझा धाकटा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्यावर त्यांचा हात उठायचा, नाही असं नाही. तो हात म्हणजे फळी होती. पण मारून झालं की घटकाभरानं ते त्याला जवळ ओढायचे, आपल्या ताटात भाकरी दुधात कुस्करायचे आणि एकेक घास त्याच्या तोंडात घालायचे. "लागलं का रं?" एवढंच विचारायचे. अवी हुंदके देत देत खायचा आणि खाता खाता हसायला लागायचा. आमच्या घरात लाड म्हणून वेगळं काही नव्हतं, मारापाठोपाठ येणारी ती भाकरीच काय ती. मला ती कधी मिळाली नाही, कारण मी कधी मार खाल्ला नाही. शहाणी मुलगी होते ना मी. या शहाणपणाचाच सगळा घोळ आहे.

आमच्या शाळेत तुकड्या मार्कांवरून पाडायचे. दर जूनमध्ये ऑफिसबाहेर याद्या लागायच्या. अ तुकडी वरच्या मजल्यावर, वारा येणाऱ्या खोलीत. ड तुकडी तळमजल्यावर, मुताऱ्यांना लागून. सगळ्या कोपरीला ठाऊक असायचं की कुणाचा मुलगा कुठल्या तुकडीत बसतो. अवी पाचवीपासून अ मध्ये होता, गणितात तर पहिल्या पाचांत. आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. परीक्षा त्यानं तशीच अंगात ताप असताना दिली, आणि नववीला यादी लागली तेव्हा त्याचं नाव ड मध्ये. बाहेर कळलं असेल, पण घरी त्यानं सांगितलं नाही. मला कळलं ते ऑगस्टमध्ये, घटक चाचणीचं प्रगतिपुस्तक घेऊन तो नळावर माझ्याजवळ आला तेव्हा. मी कॉलेजातून नुकतीच आलेले आणि बादली भरत होते.

"ताई, हे तू दे अण्णांना."

मी उघडून बघितलं. चार विषयांखाली लाल रेघा होत्या आणि वर ठसठशीत अक्षरात 'तुकडी ड'.

"मारतील रे तुला."

"मारू देत. पण तू दे. मला नाही जमत."

मारू देत, असं तो म्हणाला होता. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे डोंबिवलीच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. मुलाखत कशी घ्यायची, समोरचा काय बोलतोय त्यापेक्षा काय मागतोय ते कसं ऐकायचं, यावर मी तास घेतले आहेत. ते दोन शब्द मला त्या सगळ्या तीस वर्षांत ऐकू येत होते. त्या दिवशी नळावर मात्र माझं लक्ष बादलीकडे होतं.

अण्णा त्या आठवड्यात दुहेरी ड्यूटी करत होते. कंबर धरलेली, डोळे लाल. आई म्हणाली, "ह्येंच्या म्होरं आता कायबी काढू नगा गं." मग मीच ठरवून टाकलं. रेशनकार्डावर अण्णांची सही होती, एकेक अक्षर सुटं, पहिलीतल्या मुलानं काढावं तसं. सकाळी ते झोपले होते तेव्हा मी ती प्रगतिपुस्तकावर उतरवली. पाटीवर गिरवण्याइतकं सोपं होतं. अवी दप्तर भरत होता, त्याच्यापुढे ते ठेवलं.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"वाचलं त्यांनी?"

"वाचलं की."

"ड आहे ते?"

"अरे वाचलं म्हणते ना. काही नाही बोलले, सही केली. जा आता."

तो गेला. मला आपण मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं. पोराचा मार वाचवला, बापाची कंबर वाचवली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या संध्याकाळी अवीनं न सांगता अण्णांचे बूट पॉलिश केले आणि पोत्यावर त्यांना खेटून बसला. अण्णा म्हणाले, "काय रं, आज लई गुण उधळतुयास?" तो नुसता बसून राहिला, जेवणं होईपर्यंत. पोरगं मार कधी पडतो याची वाट बघत होतं. दुसऱ्या दिवशीही बसला. तिसऱ्या दिवशी बाहेर गेला आणि त्यानंतर बंदूक पुसताना तो कधी जवळ आला नाही.

सप्टेंबरमध्ये चिठ्ठी आली, पालकांनी येऊन भेटावे. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा विचार करावा लागत नाही. मीच गेले. मोठ्या बहिणी जायच्याच तेव्हा, बाप ड्यूटीवर आणि आई शाळेच्या पायरीला घाबरणारी, अशी घरं थोडी नव्हती. दळवी सर अवीचे वर्गशिक्षक, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला स्टाफरूमच्या दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. मधल्या सुट्टीत वरच्या तुकडीतली चार-पाच मुलं खाली येतात, अवीला मुतारीत कोंडतात, चड्डी ओढतात, 'स्कॉलर' म्हणून हाका मारतात. तो तक्रार करत नाही. डबा खात नाही. वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहितो. "वडिलांना सगळं सांग हो बाळ. त्यांनी एकदा यायलाच हवं." मी मान डोलावली. घरी आल्यावर अवीनं विचारलं, "अण्णा का नाही आले?" मी म्हटलं, "त्यांना वेळ नव्हता, त्यांनीच पाठवलं मला." आणि अण्णांना सांगायचं ते उद्यावर टाकलं. उद्या सणवार निघाले. आईला भरलेले डबे परत येताना दिसत होते. टायफॉइडनंतर भूक मेली पोराची, असं म्हणत ती भाजी-भाकरी गाईला घालायची. अण्णांना तो बंदुकीपाशी येईनासा झालेला दिसत होता. पोरगं वयात आलं, असं ते म्हणाले. ज्याला त्याला थोडं थोडं ठाऊक होतं. पुढे मी वर्गात शिकवायचे की अशा घटनांमध्ये माहिती नसते असं नाही, ती निरनिराळ्या माणसांपाशी सुटी सुटी पडून असते. मुलं हे वाक्य वहीत लिहून घ्यायची. एकदा एका हुशार मुलीनं हात वर करून विचारलं, "मॅडम, मग ती जुळवायची कुणी?" मी म्हटलं, "संस्थांनी." आणि तास संपवला.

आमच्याकडे नवरात्रात घट बसायचे. नवव्या दिवशी खंडेनवमी. फौजी घर असल्यामुळे शस्त्रपूजा व्हायचीच, आणि आम्ही दोघं शिकणारी म्हणून आमची पुस्तकंही त्याच पाटावर. एका अंगाला माझी अकरावीची पुस्तकं, अवीची भूमिती, आणि दुसऱ्या अंगाला ती दुनळी, झेंडूचा हार घातलेली, आणि तिच्यापुढे दोन काडतुसं, त्यांनाही हळदकुंकू. आज कुणी हे ऐकलं तर कपाळावर हात मारेल. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. दोन्ही पोटाला घालणारी साधनं, एक आजची आणि एक उद्याची, असं अण्णा म्हणायचे. घटावर कडाकण्या टांगलेल्या असायच्या, गोड, कुरकुरीत, पातळ. लहानपणी अवी त्या मोजून ठेवायचा आणि दसऱ्याला घट हलले की पहिली त्याची. त्या वर्षी आईनं त्याच्या हातात दिली तर त्यानं ती न खाता पाटावर ठेवली. "खा की रं," आई म्हणाली. "नको, नंतर." दसऱ्याला पाट आवरायचं काम माझं. पुस्तकं मी उचलली, अण्णांनी बंदूक कपाटात ठेवली. ती दोन काडतुसं निर्माल्याच्या ताटात फुलांखाली राहिली. काडतुसांना पोरांनी हात लावायचा नाही हा अण्णांचा दंडक, म्हणून मी ताट तसंच फळीवर ठेवलं, म्हटलं ते बघतील. त्यांना वाटलं आईनं ट्रंकेत टाकली. आईला वाटलं त्यांनी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांची दुपारपाळी होती. सकाळी ते दाढी करायला बाहेर गेले, आई नळावर, मी कॉलेजात. किल्ली शेवयांच्या डब्यात असते हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. तीन तुकडे क्रिकेटच्या पिशवीत बसले. पुढचं मी पाहिलेलं नाही, जे सांगितलं गेलं तेच सांगते. अवी ड कडे न जाता जिना चढून वर गेला आणि अ तुकडीच्या दारात उभा राहिला. छळणारी मुलं मागच्या बाकांवर होती. पहिल्या बाकावर नितीन होता. पाचवीपासून आठवीपर्यंत अवी त्याच्याच शेजारी बसायचा. तो मुलगा अवीला कधी एक वाकडा शब्द बोललेला नव्हता. दारात अवी दिसला तसा तो उठला, त्याला वाटलं अवी परत आपल्या वर्गात आला. पिशवीतून काय निघालंय ते त्यानं बघितलंच नसावं. एकच बार झाला. मागच्या बाकांवर कुणाला खरचटलं नाही. नितीनचा उजवा डोळा गेला. शाळेचा शिपाई धावत आला तेव्हा अवीनं बंदूक स्वतःहून त्याच्या हातात दिली आणि जमिनीवर बसला.

मग कारणं सुरू झाली. चाळीत कुणी म्हणालं सिनेमे, कुणी म्हणालं फौजी रक्त. पंचनाम्यात 'हळदकुंकू लागलेले काडतूस' असं आल्यावर कुणी नरबळीपर्यंत पोचलं. शाळा म्हणाली, मुलगा मुळातच घुमा. आता टीव्हीवर अशी बातमी आली की चार चौकटींत चार तज्ज्ञ बसतात आणि मोबाईल, एकटेपणा, मर्दपणाच्या कल्पना, हाताशी सहज येणारं शस्त्र, शाळेनं मारलेला शिक्का यांवर बोलतात. मी चहा पीत ऐकते. ते चुकीचं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत आहे. यातलं निम्मं मीच मुलांना शिकवलंय आणि त्यातला प्रत्येक मुद्दा आमच्या घराला लागू पडतो. तरीही सगळं मांडून झाल्यावर मला दिसतो तो अण्णांना खेटून बसलेला अवी, आणि त्याला कुठल्या मुद्द्याखाली घालायचं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

महिन्याभरानं रिमांड होमच्या ऑफिसात आम्हाला बोलावलं. मुलाला घरी सोडायचं की सुधारगृहात ठेवायचं, ते कोर्ट ठरवणार होतं, आणि कोर्ट ऐकणार होतं ते प्रोबेशन ऑफिसर बाईंच्या अहवालाचं. बाई भल्या होत्या, आवाज मऊ. लांबलचक फॉर्म होता. घरात किती माणसं, वडिलांना व्यसन आहे का, मारतात का, शिक्षणाकडे लक्ष आहे का. अवी भिंतीलगतच्या बाकावर बसला होता, खाकी चड्डीत, केस भादरलेले. त्यानं आमच्याकडे मान वर करून बघितलं नाही. बाईंनी शाळेकडून आलेल्या कागदांतून प्रगतिपुस्तक काढलं आणि टेबलावर अण्णांच्या पुढे सरकवलं.

"मुलगा ड तुकडीत गेला, नापास झाला, हे तुम्हाला ऑगस्टमध्येच कळलं होतं. ही सही तुमचीच ना?"

अण्णांनी चष्मा लावला. ते प्रगतिपुस्तक ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं होतं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "माजीच हाय."

"म्हणजे माहीत असून तुम्ही शाळेत गेला नाहीत? मुलीला पाठवलंत?"

"पोरीला कायबी इचारू नगा. तिला काय ठाव न्हाई. म्याच धाडली."

बाकावरून अवीनं तेव्हा मान वर केली. अण्णांकडे बघितलं. तो चेहरा रागाचा नव्हता. एखाद्याला जे आधीच ठाऊक आहे तेच पुन्हा कुणी सांगावं, तसा होता. मग त्यानं मान खाली घातली. मी गप्प बसले. सोळा वर्षांची होते हे खरं आहे, पण ते कारण नाही. मी घाबरले होते.

बाहेर बसस्टॉपवर मी म्हटलं, "अण्णा, ती सही..."

"गप." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "खोटी सही म्हंजी चारशेवीस. येक पोरगं आत गेलंय. दुसरं न्हाई जाऊ द्यायचं. परत ह्यो इशय काढायचा न्हाई."

सोळा वर्षांच्या मुलीला प्रगतिपुस्तकावरच्या सहीसाठी कुणी तुरुंगात टाकत नाही, हे त्या भाबड्या माणसाला कुणी सांगायचं? मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि आपल्या त्या एका 'व्हय'चा अर्थ भिंतीलगतच्या बाकावर अवीला काय लागला, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं, 'वडिलांना मुलाच्या परिस्थितीची पूर्ण कल्पना असूनही त्यांनी दुर्लक्ष केले. घरचे वातावरण मुलास परत पाठवण्यास अनुकूल नाही.' अवी अठरा वर्षांचा होईपर्यंत आत राहिला. लायसन गेलं, बँकेची नोकरी गेली. अण्णा माजिवड्याला एका सोसायटीच्या गेटवर काठी घेऊन उभे राहू लागले. महिन्यातून एकदा आई भेटीला जायची, नवरात्रानंतर कडाकण्या घेऊन. दारावरचा माणूस आत काही लपवलंय का म्हणून एकेक मोडून बघायचा, आणि आई तो चुरा पदरात गोळा करून आत न्यायची. अण्णाही जायचे. अवी त्यांच्याशी हां-हूंच्या पलीकडे बोलला नाही, तेव्हाही आणि सुटून आल्यावरही. अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला आला, डोळ्यांत टिपूस नव्हता. नातेवाईक म्हणाले, पोरगं दगडाचं. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही, मेलेल्या माणसानं जे झाकलं ते कसं उघडायचं, अशी स्वतःची समजूत घातली. नितीन मला मध्यंतरी कल्याणला एका लग्नात भेटला. काळा चष्मा, पोट सुटलेलं. त्यानंच ओळख दिली आणि विचारलं, "अवी कसा आहे?"

अवी बरा आहे. शीळफाट्याला त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे, माणसं हाताखाली आहेत. दर खंडेनवमीला तो डोंबिवलीला माझ्याकडे येतो, आपले पाने पिशवीतून आणतो आणि माझ्या पुस्तकांशेजारी पाटावर मांडतो. कडाकण्या आता मी करते, आईसारख्या होत नाहीत. या वर्षी तो आला तेव्हा ही पानं टेबलावर होती.

"काय लिहितेयस?"

"आपल्या कोपरीच्या घराबद्दल."

"वाच की. मी चष्मा विसरून आलेलो."

मी वाचायला लागले. ढेकणांवर तो हसला. स्टोव्हचा आवाज, बंदुकीचं तेल, दुधात कुस्करलेली भाकरी, इथे तो खायचा थांबला आणि खिडकीकडे बघत राहिला. पुढे नळ आला, बादली आली. पान उलटलं. मी कागद नीट डोळ्यांपुढे धरला. 'मीच ठरवून टाकलं' तिथवर आले आणि पुढचं वाक्य मला दिसत होतं, माझ्याच अक्षरात.

"अण्णांनी सही केली," मी वाचलं.

"हं," अवी म्हणाला. "केलेली. काही न बोलता." आणि त्यानं पुढची कडाकणी उचलली.